बरक्याच्या बसचा सौदा

शाळांची कचेरी बंद करणाऱ्यांनी बरका गावच्या मुलांना फसवलं. त्या कचेरीतल्या बाईंनी मला फसवलं ते वेगळं. ते मी हसत हसत सांगेन.

इथल्या ओमानी घरात कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, छोटा कप पुढे धरला की यजमान भरत राहतो. पुरे झालं की कप बोटांत धरून हलवायचा. बाईंनी ही रीत थेट सौद्यात आणली. थर्मास त्यांचा, ओतायचं मी. त्या पीत असेपर्यंत भाव खाली-वर होई. कप हलला की, "खलास, अर्बाब!" पुढे बोलायची सोय नाही.

मस्कतच्या आसपास एका संस्थेच्या ज्या शाळा आहेत, त्या सगळ्यांची मिळून ती एक कचेरी. बस ठरवणं बाईंकडे. त्या पुण्याच्या. मी राजापूरकडचा, ड्रायव्हर म्हणून आलो आणि बसमालक झालो. मालकाला इकडे अर्बाब म्हणतात. बाईंच्या तोंडी ती शिवी वाटे.

"ही बस रुसैलच्या सिमेंट कारखान्यात कामगार नेते ना?"

"छे! नवीकोरी आहे, बाई!"

"मग मघाशी सीटवर बसले तर सिमेंट का उडालं? साडी बघा माझी."

मी टेबल बडवलं, ओरडलो. बाईंनी शांतपणे कप पुढे केला. "ओता. ओरडता तुम्ही, तहान मला लागते."

एका वर्षी मात्र मवालेहच्या रस्त्याला मागेन तो भाव मिळाला. आनंदात मी तिथल्या फळबाजारातून आंब्याची पेटी आणून ड्रायव्हरांना वाटली. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "बरक्याची बस कुठाय?"

"बरका? ते कधी ठरलं?"

"काल. तुम्ही खुशीत होतात. मी बरका म्हटलं, तुम्ही मान डोलावलीत, मी कप हलवला."

बरक्याला प्रत्येक शाळेची थोडी थोडी मुलं. लांबचा रस्ता, अर्धी बस रिकामी. दरवर्षी मी सावध राही आणि दरवर्षी त्यातच अडके. शेवटी एकदा खुर्चीत बसायच्या आधीच गरजलो, "बरका नाही!"

"बरं, नाही. फक्त एकदा त्या बसने जाऊन या."

गेलो. बरक्याच्या एका गॅरेजवाल्याची मुलगी बसमधून उतरता उतरता थांबली. अडखळत म्हणाली, "अंकल, उद्या पण बस येणार?"

परत येऊन मी मुकाट्याने कप भरला. बाईंनी तो न पिताच हलवला. मग दोघंही इतके हसलो की शिपाई डोकावून गेला.

मग संस्थेने ठरवलं, मधली कचेरी नको, ज्या त्या शाळेने आपलं आपण बघावं. आता प्रत्येक शाळेत एक तरणाबांड साहेब बसतो. मी भाव सांगतो, तो "ओके" म्हणतो. अरे, भांडा की जरा! घरी जाऊन जेवण गोड लागत नाही.

बरक्याचं काढलं की मात्र सगळे हुशार होतात. "आमची तिथली मुलं थोडीच आहेत. दुसऱ्या शाळेला विचारा." दुसरी तिसरीकडे बोट दाखवते. सगळ्या शाळांची मुलं एकत्र धरली तर बस होते, पण एकत्र धरणारं माणूस, संस्थेच्या साहेबांनो, तुम्ही पुण्याला परत पाठवलंत.

कचेरीच्या शेवटच्या दिवशी टेबलावर थर्मास तेवढा उरला होता. बाईंनी कप रिकामा केला. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. कप हलेना.

"बरक्याचं काय, बाई?"

त्यांनी कप तसाच माझ्यापुढे ठेवला. "सौदा चालू आहे, अर्बाब. बस थांबवू नका." आणि पर्स उचलून निघाल्या.

बस मी अजून सोडतोय. सुट्टीपर्यंत ओढेन, पुढचं माझ्या एकट्याच्याने होणार नाही. तो कप माझ्याकडे आहे. संस्थेच्या मोठ्या साहेबांनो, कहवा गरम आहे, ओततो मी. समोर येऊन बसा आणि सांगा, बरक्याची मुलं कोणाची?