भाऊची चाल

वैशाखात एका बुधवारी भाऊ कळमन्याच्या बाजारात उभ्या होत असलेल्या कोल्ड स्टोरेजच्या छतावरून पडला आणि गेला. संध्याकाळी ठेकेदाराने सांगितले की तो दारू प्यायला होता.

माझा थोरला भाऊ दारू पीत नसे. पण हे मी बोलते तेव्हा ऐकणारा खाली बघतो. म्हणून लिहून ठेवते आहे.

तो पॅनेल बसवायचा. दोन पातळ पत्रे आणि मध्ये कडक झालेला फेस, अशा फळ्यांच्या भिंती आणि छपरे. आत गारवा टिकतो आणि वजन जवळजवळ नसते. साइटवर त्याला उस्ताद म्हणत. लोकांना त्या हलकेपणाचे कौतुक, त्याला धास्ती. "जड वस्तू पायावर पडते. हलकी माणसाले घेऊन जाते," असे तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगे.

नव्या पत्र्यावर प्लास्टिकची पन्नी चिकटवलेली असते. ती सोलली की तिची एक पट्टी भाऊ छताच्या कडेला सळईला बांधायचा. पट्टी लोंबत असेल तर काम. आडवी झाली की सगळ्यांनी उतरायचे, मग कोणाचा अर्धा रोज बुडो की ठेकेदार खालून शिव्या देवो. माणसे चिडत. "काऊन गा उस्ताद, पन्नी हालली का पोटात गोळा येते काय?" एकाने विचारले. "येते ना," भाऊ म्हणाला. "तुह्या बायकोले काय सांगाव, याचा येते."

जीभ त्याची वाईटच होती. कमरेला सुरक्षेचा पट्टा न बांधता वर आलेल्या एका माणसाला त्याने सगळ्यांदेखत म्हटले, "घरचा नंबर दे. हार घालाले फोटो कोणता काढून ठेवाचा, ते विचारून घेतो." तो माणूस त्याच दिवशी काम सोडून गेला. भाऊला वाईट वाटले नाही. "जित्ता गेला," एवढेच म्हणाला.

मलाही तो सोडत नसे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. संध्याकाळी मी वाचत बसले की दारातूनच म्हणायचा, "कोण मेलं वं आज तुह्या पुस्तकात? रडून झालं असन तं चहा ठेव." अर्धा कप पिऊन उरलेला माझ्याकडे सरकवायचा.

आणि त्याची चाल. छताच्या पॅनेलखाली लोखंडी आडव्या तुळया असतात. पाय त्यांच्यावरच पडायला हवा, नाहीतर पत्रा दबतो. बाकीचे स्क्रूच्या ओळी बघून चालत. भाऊ खाली न बघता तुळई पायानेच चाचपत, पाय घासत, मध्येच थबकत, एका अंगाला झुकत चाले. खालून बघणाऱ्याला वाटे, झिंगला आहे. "उस्ताद सकाळीच मारून आला," हा तिथला रोजचा विनोद होता. हमाल हसत, चहावाला हसे. भाऊलाही गंमत वाटे. कधीकधी तो मुद्दामच दोन झोकांड्या जास्त खायचा.

त्या बुधवारी दुपारी वावधान सुटले, सोसाट्याचा वारा. पन्नी ताठ झाली. भिवापूरहून मिरची भरून आलेल्या गाड्या खाली उभ्या होत्या आणि ठेकेदार ओरडत होता, "दोनच राहिले ना, बसवून टाका." भाऊने सगळ्यांना उतरवले. पण स्क्रू न मारलेली ती दोन पॅनेल तशीच सोडली असती तर उडून खाली हमालांवर गेली असती. ती बांधायला तो आणि दामू, त्याचा जुना जोडीदार, मागे राहिले. कडेला पट्टा अडकवायची तार ठेकेदाराने लावलीच नव्हती. वारा पॅनेलच्या खाली शिरला. भाऊ म्हणाला, "सोड." दामूने सोडले. भाऊ कडेच्या बाजूला होता. पॅनेल गरकन फिरले.

तारेचा विषय निघू नये म्हणून ठेकेदाराने दारूचा काढला. चौकशीला आलेल्यांनी हमालांना विचारले, चहावाल्याला विचारले. सगळ्यांनी भाऊची चाल सांगितली. त्यात कोणी खोटे बोलले नाही.

दामू घरी आला तो ठेकेदाराच्या मुनिमाबरोबर. आईने त्याला जवळ बसवले. "खरं सांग गा दामू. घेतली होती का त्यानं?"

दामूने मुनिमाकडे पाहिले. "थोडीशी घेतली होती, माय."

आईने त्याला जेवू घातले. आग्रह करून आणखी भात वाढला.

मुनीम पुढे निघून गेला आणि फाटकाशी दामूने मला सगळे सांगितले, तारेचेही. "हेच आत सांगा," मी म्हणाले.

"मंग उद्या मले छतावर कोण चढू देते, ताई? उस्तादले आता काय फरक पडते?"

मी आत जाऊन आईला दामूचे बोलणे सांगितले. तिने ऐकून घेतले. म्हणाली, "तू होती काय वं तिथं? दामू होता."

आता कोल्ड स्टोरेज सुरू झाले आहे. भाऊच्या हाताखालच्या माणसांचा उस्ताद आता दामू आहे. घरात आई आहे आणि मी आहे. भाऊबद्दल कोणी विचारले तर आईच सांगते, थोडीशी घेतली होती त्यानं.