न सांडणारा पेला

हैदराबादेत नारायणगुड्यातल्या आमच्या पेटंट सल्ल्याच्या ऑफिसात तो माणूस एकदाच आला. बायकोचे हात कापतात, म्हणून त्यानं न सांडणारा पेला बनवला होता. असा पेला आधी कुणी बनवलाय का, याचा मी एआयवर शोध घेत होतो, तोवर तो एका जागी टिकेना. उठायचा, खिडकीशी जायचा, परत येऊन पेला पुसायचा.

थोड्याच वेळात स्क्रीनवर तसाच पेला आला. परदेशातला, फार जुना.

"पेटंट नहीं मिलेगा," मी सांगितलं.

ते चित्र तो बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "उनके घर में बी किसी के हाथां कांपते थे क्या?"

एआयनं बनवणाऱ्याचं नाव दिलं होतं, देश दिला होता. हे मात्र त्यात नव्हतं.

अजूनही शोधात जुळणारं काही सापडलं, की कुणा परक्याचं घर डोळ्यांपुढे येतं आणि मला पुढचं काम सुचत नाही.