बारा घरांत लपलेली मशीन

भैयालालचं वाटोळं कोणी केलं, असं मले कोणी विचारलं तं मी दुसऱ्याचं नाव कायले घेऊ? मीच केलं. मी निर्मलाबाई. चिचगडच्या पुढं जंगलात आमचं गाव, अन् गावाच्या तोंडाशीच माहं किराणा दुकान.

भैयालाल सायकल दुरुस्तीवाला. पंक्चर काढे, चेन बसवे, अन् रिकाम्या वेळी काहीतरी ठोकत बसे. त्याची बायको सुमित्राबाई उन्हाळाभर मोहाची फुलं वेचे, वाळवे, मंग काठीनं बडवून फुलातला कचरा काढे. ती धूळ तिच्या छातीत बसली. खोकून खोकून बिचारीचा जीव जाये. ते पाहून भैयालालनं दोन हजार दोन साली एक ढोल बनवला. लोखंडी जाळीचा, सायकलच्या पायडलवर फिरणारा. इकडून मोह टाका, तिकडून साफ फूल. धूळ सारी खालच्या पेटीत.

शहाणा असता तं झाकून ठेवला असता. हा भोळसट! ज्यानं मागितली त्याले मशीन बनवून दिली. लोखंडाचे पैसे घेये, मेहनतीचे नाही. वर्षभरात बारा घरी मशीन. मी त्याले म्हणो, "अबे, लष्कराच्या भाकरी कायले भाजून राहिला?" तं म्हणे, "शेजारची बाई खोकून राहिली, तं मी का कानात बोळे घालू?"

मंग गोंदियात त्याले कोणीतरी सांगितलं, नवीन मशीन बनवणाऱ्या लहान कारागिराले सरकार अनुदान देते. शेड, वेल्डिंगचं सामान, मशीनची तपासणी, सारं त्यातच. माह्याच दुकानाच्या फळीवर बसून त्यानं फारम भरला. मशीन कोण वापरते तिथं बाराही घरांची नावं लिहिली.

"हे झालं तं रायपूरले कामाले जा लागत नाही, बाई," तो म्हणाला. "इथंच राहीन, सुमित्राजवळ."

सहा महिन्यांनी पत्र आलं, साहेब लोक मंगळवारी पाहाले येणार. भैयालालनं पांढरा सदरा घातला अन् सकाळीच देवरीले गेला, साहेबांले बसस्टँडवरून घेऊन याले. साहेब बशीनंच येतील, अन् आपल्याशिवाय त्यांले गाव सापडणार नाही, असा त्याचा अंदाज. माहाही तोच.

आता आमच्या गावची गोष्ट ऐका. आमच्याकडे जीप म्हणजे दारूबंदीवाल्यांची. घरात मोह जास्त सापडला तरी केस, तुमी दारू काढा नाहीतर नका काढू; मोहाची मशीन दिसली तं दारूचाच कारखाना म्हणतील. म्हणून जीप दिसली का मी दुकानातून बकरीले हाका मारो, "लाली, ये लाली!" माह्याजवळ बकरी नव्हती, हे साऱ्या गावाले मालूम.

त्या दिवशी अकरा वाजता जीप आली. आत तीन अनोळखी माणसं, हातात कागद. भैयालाल सोबत नाही. मी बेंबीच्या देठापासून ओरडली. दहा मिनिटांत बाराही मशिनी कुठं तणसीच्या ढिगात, कुठं गोठ्यात, दोन तं विहिरीत गेल्या. ते साहेब घरोघरी फिरले. "मोह साफ करायचं यंत्र आहे का तुमच्याकडे?" "नाही जी." मले विचारलं. मीही नाहीच म्हटलं.

शेवटी सुमित्राबाईच्या दारात गेले. "तुमचे मिस्टर यंत्र बनवतात ना?" नवरा जेलात जाईन, हेच भेव तिच्या डोक्यात. "माहा मानूस पंक्चर काढते जी," ती म्हणाली. "त्यानं जिंदगीत मशीन नाही बनवली." साहेबानं ते लिहून घेतलं अन् त्यावर तिचा अंगठा घेतला.

चारच्या बशीनं भैयालाल एकटाच उतरला. "साहेब आलेच नाही वो बाई." तेव्हा माह्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी त्याले सारं सांगितलं. म्हटलं, "शिव्या दे मले, चप्पल मार." तो बाकावर बसला. मंग हळूच म्हणाला, "सुमित्राले सांगजो नको. तिनं मले वाचवालेच म्हटलं."

तो गोंदियाले चकरा मारून आला. अहवाल कधीचाच वर गेला होता, गावात असं यंत्र आढळलं नाही म्हणून. त्या साहेबांले तरी काय बोलावं? आमचंच बोलणं त्यांनी लिहिलं होतं. त्याच दिवाळीनंतर भैयालाल रायपूरले वेल्डिंगच्या कामाले गेला.

इकडे मशिनींच्या जाळ्या फाटल्या. दुरुस्त करणारा रायपूरले. बाया पुन्हा काठ्या घेऊन बसल्या, सुमित्राबाईही बसली. दोन हजार नऊच्या पावसाळ्यात ती गेली. भैयालाल पोहोचला तेव्हा राखही थंडी झाली होती. त्या दिवशी जीपमध्ये कोण होतं, ते तिले शेवटपर्यंत मालूम नाही पडलं. साऱ्या गावानं तोंड शिवून ठेवलं होतं, तेवढं एक आमी नीट केलं.

दोन हजार तेरामध्ये बचतगटाच्या बायांसाठी सरकारी मशीन आली. हिरवा रंग मारलेली, पायडलवाली, जाळीच्या ढोलाची. शिकवाले एक तरणे सर आले होते. भैयालाल परत आला होता, पण वेल्डिंगनं डोळे अर्धे गेलेले. तो मागं बसला होता. मशीन सुरू केली तं खडखड करून अडकली. सरांले काही समजेना. भैयालाल उठला, चाचपडत पुढं गेला अन् ढोलावरून बोटं फिरवली.

"जाळी उलटी बसवली जी."

"काका, हात नका लावू. सरकारी मशीन आहे."

मले राहवलं नाही. मी भर सभेत उभी राहिली. "सर, अशी मशीन ह्या माणसानं अकरा वर्षांआधी बनवली होती! ह्या गावात बारा घरी होती!"

सर भला माणूस, हसून म्हणाला, "असं का मावशी? मग तेव्हाच सरकारला सांगायचं होतं ना."

बाराही घरच्या बाया तिथंच बसल्या होत्या. कोणी मान वर केली नाही. भैयालालनं जाळीवरचा हात काढून घेतला अन् मागं आपल्या जागेवर जाऊन बसला.