भितीवरचा टीव्ही

आमच्या इकडे भिंतीले भित म्हनते. मी सातवीपर्यंत शिकली. भिंत लिवतानी वरचा टिंब मी नेहमी विसरो, अन् सर म्हनत, "बाई, तू भिंत लिवली का भीती लिवली?" पोरं हासत. मीबी हासो. आता नाई हासू येत. आता मले दोन्ही एकच वाटते.

घड्याळापासून सांगतो. समोरच्या खोलीत भितीवर एक घड्याळ होतं, प्लास्टिकचं, माझ्या लग्नात आलेलं. त्या दिवशी सकाळी मी चुलीवर भाताचं आंधन ठेवून बाहेर आली तं पोरगी भितीच्या बुडाशी बसून वाटी वाजवून राहिली होती. तेरा महिन्याची होती तवा. वाटी घरंगळली, तिच्यामागं ती दोन हात पुढं रांगली, अन् घड्याळ खाली आलं. जिथं ती बसली होती तिथंच. वारा नाई, कोनी हात लावला नाई, काई नाई. खिळा एकटा नाई आला, मूठभर माती घेऊन आला, अन् त्या भोकातून मंग बारीक माती गळतच राहिली, पिठासारखी.

सासू आंगनातून आली. मी तिले मायच म्हनतो.

"काय फुटलं वो?"

"घड्याळ."

"अन् पोरगी?"

"नाई लागलं तिले."

"मंग तू कायले रडून राहिली? घड्याळासाठी कोनी रडते का?"

मी घड्याळासाठी नवती रडून राहिली. पन सांगू कशी? ती भित माझ्या सासऱ्यानं आपल्या हातानं उचललेली. आपल्याच बांधीतली, म्हंजे धानाच्या वावरातली माती आनून, धानाचं वाळलं तनस घालून, पायानं तुडवून. सासरे आता नाईत. बाकी घरात एक बाजू विटाची झाली, पन ही समोरची भित तशीच हाये, अन् तिच्याबद्दल घरात कोनी वाकडं बोलत नाई.

अन् त्याच्या पंधरा दिवसानं टीव्हीचं निघालं.

जुना टीव्ही डब्ब्यावानी होता, लोखंडी संदुकीवर बसे, म्हशीसारखा. त्याचं मले कधी भेव नाई लागलं. तो बंद पडला. नवरा राइस मिलमध्ये कामाले जाते, तिथल्या सगळ्याइच्या घरी पातळ टीव्ही. तो घरी आला तोच म्हने, "त्रेचाळीस इंची घेऊ. भितीवर लटकवू."

माय म्हने, "मोठाच आन बापू. मले आता मालिकेतल्या बाया तोंडावरून ओळखूच येत नाई. आवाजावरून ओळखतो, आता कोन रडून राहिली ते."

मायच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राहिला. ते खरंच हाये.

मी म्हटलं, "अजी, भितीवर कायले? संदुकीवर ठेवू ना."

"संदुकीवर? लोक हासन. अन् पोरगी हात लावन ते अलग."

"भित कच्ची हाये ना जी. घड्याळ पडलं."

"घड्याळाचा खिळा बारीक होता. भित बाबानं उचलली हाये."

बाबाचं नाव निघालं का मंग झालं. मी भांडे उचलून आत गेली. पन मले डोळ्यापुढं दिसे, खाली पोरगी वाटी वाजवून राहिली अन् वरून एवढा मोठा काळा काच.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये जातानी तो म्हने, "दाराच्या चौकटीपासून खांबापर्यंत भित किती भरते ते मोजून ठेव. उद्या सुट्टी हाये, आमगावले जाऊ." घरात टेप नाई. मी पोरीच्या करदोड्यासाठी, म्हंजे कंबरेले बांधाले, आनलेला लांब काळा दोरा काढला. एक टोक चौकटीपाशी दाबलं अन् दोरा खांबापर्यंत नेला, बरोबर तेवढाच पुरला. मंग तिथंच उभी राहिली. मले वाटलं, जेवढा मोठा तेवढा भारी, जेवढा भारी तेवढा लवकर पडन. जागाच कमी भरली तं लहान आनतीन, अन् लहान आनला तं कोन त्याले भितीवर लटकवते, संदुकीवर ठेवतीन. असं मलेच वाटलं, कोनाले विचारलं नाई. मी एक वीत मागं आली अन् विळीवर दोरा कापला. दोरा विळीवरून दोनदा सुटला. कापलेला तुकडा कुठं पडला ते पाहायचंबी भान नाई राहिलं.

आमगावच्या दुकानात सगळे टीव्ही एकदम चालू, अन् सगळ्यात एकच बाई बोलून राहिलेली. पोरगी माझ्या कडेवर, ती सगळ्या बायाइकडे हात करे. दुकानदार हिंदीत बोले, मधात मराठी घाले.

"दीवार का नाप लाये?"

मी पदराच्या गाठीतून दोरा काढला. त्यानं टेप लावला. "चौंतीस इंच."

मी तं वाटच पाहून राहिली होती. लगेच म्हटलं, "मंग चौतीसात त्रेचाळीस कसा बसन?"

दुकानदार हासला. "भाभी, टीव्ही तिरछा नापते हैं. इस कोने से उस कोने तक." अन् त्यानं मोठ्या टीव्हीवर टेप तिरपा धरून दाखवला. मंग आडवा धरला. "देखो, त्रेचाळीसवाला आडवा अडतीसच भरता है."

 घडीभर मले चौतीस मोठे का अडतीस मोठे तेबी उमगेना. इंच असा तिरपा मोजते हे मले कोन सांगनार? मी वीतभर कापला होता म्हनून, दोन बोटं कापली असती तं त्रेचाळीसवालाच बसला असता.

"चारच इंच कमी हाये," नवरा म्हने. "खांबावर थोडासा गेला तं?"

"टेढ़ा बैठेगा. बत्तीस ले लो, अट्ठाईस में आ जायेगा. बैठते कितनी दूर से हो? छोटा लोगे तो नजदीक बैठना पड़ेगा, इतना ध्यान रखना."

हे त्यानं सांगितलं होतं. मी आयकलंबी होतं. पन डोक्यात शिरलं नाई, कारन माझ्या डोक्यात एकच, बत्तीस, बत्तीस, वाचली माझी पोरगी. नवऱ्यानं त्या मोठ्या टीव्हीच्या कोपऱ्याले एकदा हात लावला अन् मागं घेतला. ते पाहून मले कसंतरी झालं.

मंग दुकानदार म्हने, "हलका है ये तो. दीवार पे फूल जैसा टँगेगा. कल फिटिंगवाला आदमी भेजता हूँ."

"संदुकीवर ठेवनार हाओ आमी," मी म्हटलं.

"अरे भाभी, संदूक पे कौन रखता है आजकल?"

नवराबी हासला. मी पोरीले घट्ट धरून उभी. 

फिटिंगवाला आला, भितीवर बोटानं टकटक केलं, म्हने, "माती हाये वाटते." मंग त्यानं एक लाकडी फळी आडवी लावली, हे लांब लांब स्क्रू ठोकले, भोकातून माती भरभर खाली आली, मी झाडून घेतली. फळीवर टीव्ही बसला.

"धरन ना भाऊ?" मी विचारलं.

"धरन. फक्त कोनी हात नका लावू."

आता सांगा, जे धरते त्याले हात लावला तं काय होते? मले त्या शब्दानंच मारलं.

माय समोरच्या विटाच्या भितीले टेकून बसे, तिची नेहमीची जागा. पहिल्याच दिवशी म्हने, "एवढासा कायले आनला रे?"

"तुह्या सुनेचा दोराच कमी भरला, माय. मी काय करू?"

माय हासली. "सुनेचा दोरा! घर लहान निंगालं म्हन ना." अन् चटई पुढं ओढली. दुसऱ्या दिवशी आनखी हातभर. आठ दिवसात चटई थेट भितीच्या बुडाशी. मान वर करून पाहे, अन् मांडीवर माझी पोरगी. दुपारचे तिचे दोन कार्यक्रम, दोन्हीले पोरगी मांडीवर. मी दोरा कापून टीव्ही लहान केला, अन् टीव्ही लहान झाला म्हनूनच त्या दोघी त्याच्या खाली जाऊन बसल्या.

मी आतून दहा वेळा बाहेर येवो. "माय, जरा मागं सरका ना."

"मले दिसत नाई वो मागून."

"पोरीचे डोळे खराब होतीन."

"माझे टीव्हीनं झाले का? वयानं झाले."

"तिले इकडे द्या, मी घेतो."

"तू भांडे घास. ती माझ्याजवळ बरी हाये."

भांडे घासतानी मी नळ बंद करून कान देवो. टीव्हीतलं कोनी किंचाळलं का माझ्या हातून भांडं पडे. रोज सकाळी चटई झटकतानी पाहो, माती हाये का. कधी वाटे हाये, कधी वाटे ही तं पायाची धूळ. घरात झोप नाई, जेवन नाई, माय म्हने पोरीचं दूध तुटन अशानं.

एक दिवशी पाहतो तं पोरीच्या मनगटाले काळा दोरा, दोन येढे दिलेला. मी तिचा हात उचलून पाह्यला.

"माय, हा कुठचा?"

"झाडतानी सापडला. एक वीत होता. तूच तिच्या हातासाठी कापून ठेवला असन म्हनून बांधून देल्ला. तुहं तोंड असं उतरलेलं, मले वाटलं पोरीले कोनाची नजर लागली काय."

मी खोटं बोलून कापलेला तुकडा, तो तिनं पोरीच्या राखनीले बांधला. मी तो सोडू शकली नाई. सोडला तं कायले सोडला म्हनून सांगा लागन. अन् मले आनखी भेव लागे, का खोट्याचा दोरा राखन काय करन, उलटंच काई करन.

मंग ती दुपार. मी चाटनाची वाटी घेऊन पोरीले भरवायले बाहेर आली. माय मान वर करून बसलेली, पोरगी मांडीवर, अन् पोरीच्या काळ्या केसावर पांढुरकं काहीतरी, पावडर लावल्यासारखं. मी म्हटलं, मायनं पावडर लावली. बोट लावलं. माती होती. मी वर पाह्यलं तं फळीच्या वरच्या कडेतून बारीक धार लागलेली, घड्याळाच्या भोकातून लागली होती तशीच.

मी पोरीले हिसकली. वाटी पडली, पोरगी रडाले लागली.

"काय झालं वो? साप दिसला का?"

"उठा माय, उठा, तिथून उठा पहिले!" मायचा दंड धरून मी तिले दारापर्यंत ओढली, सासूले, असा. अन् मंग जे बोलत सुटली ते थांबताच येईना, का दोरा मी कापला माय, वीतभर कापला, त्रेचाळीस बसत होता, मले वाटलं लहान आनला तं लटकवनार नाई, मले भितीचं भेव लागते, घड्याळ पडलं तवापासून लागते, बाबाची भित हाये म्हनून मी बोलली नाई, तुमी दोघी खाली बसता अन् मी आत मरतो.

 टीव्हीतली बाई बोलूनच राहिली होती. मंग मायनं चष्मा पुसला, भितीपाशी गेली, वर पाहून पाहून मातीची धार काई तिले दिसेना, म्हनून हात खाली धरला. तळहातावर माती जमली तवा तिले पटलं.

"बाबाची भित म्हनून बोलली नाई?" ती म्हने. "अवो, बाबा असता तं त्यानंच पहिले म्हटलं असतं. तो आपली छत्रीबी या भितीले नाई टांगे. खांबाले टांगे. त्याले आपली भित मालूम होती."

तीन वर्ष झाले मले या घरात येऊन, अन् ही गोष्ट मी पहिल्यांदा आयकली.

संध्याकाळी नवरा आला. मायनंच सांगितलं. त्यानं टीव्ही उतरवला अन् फळीले नुसता हात घातला, तं फळी स्क्रूसकट हातात आली. मागं सगळं पोकळ, उदईनं, म्हंजे वाळवीनं, खाल्लेलं, दंड जाइन एवढं भोक. तो फळी घेऊन तसाच उभा. पोरगी माझ्या कडेवर, त्याच्याकडे हात करून राहिली, तं त्यानं तिले घेतलंबी नाई, हातच मातीचे होते त्याचे. मंग संदूक खांबापाशी सरकवली, टीव्ही तिच्यावर ठेवला, मागून नायलॉनची दोरी घालून खांबाले आवळला.

मले विचारलं, "म्हंजे त्रेचाळीस बसत होता?"

"बसत होता."

"संदुकीवरबी?"

"हो जी."

तो हासला नाई. दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाई. त्याची चूक नाई. मी पहिलेच मोठ्यानं म्हटलं असतं, मले भितीचं भेव लागते, तं त्रेचाळीस संदुकीवर आला असता अन् मायले तोंडं दिसली असती.

आता माय टीव्हीपासून एका हातावर बसते, तरी म्हनते दिसत नाई. शेजारची कोनी बसाले आली का तिले सांगते, "माझ्या सुनेनं माझा टीव्ही विळीवर कापला." बाया हासते. मीबी खाली पाहून हासतो, अन् हासता हासता माझी नजर नायलॉनच्या गाठीवर जाते. पोरगी आता चालते. टीव्हीजवळ जाते अन् काचावर थापा मारते. गाठ सकाळी पाहतो, दुपारी पाहतो. भितीतलं भोक आमी बुजवलं, पन मी चटई अजून त्या बाजूले घालू देत नाई.

अन् तो मनगटाचा दोरा. पोरगी वाढून राहिली, दोरा घट्ट होऊन राहिला, खाली लाल वळ पडते. काढाच लागन. माय दोनदा म्हनून झाली, काप तो. मी विळीपाशी पोरीले घेऊन बसतो, तिचा हात धरतो, अन् माझे हात थरथरते म्हनून तसाच सोडून देतो. आज मायलेच म्हटलं, तुमीच कापा. माय म्हने, "मले दिसत नाई वो, तिचं मनगट कापन मी. तूच काप. मी तिचा हात धरतो."