खडूचे आकडे

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आबा गेले तेव्हा ओठांपर्यंत आलं होतं, ते तसंच गिळलं. आता तुमच्यापुढं बोलतोय म्हणजे धीर आला असं समजू नका. धीर कसला — आता सांगून कुणाचं काही सुधारणार नाही, म्हणून तोंड उघडलंय.

माझा धाकटा भाऊ विजू. आयटीआयला मोटार मेकॅनिक झालेला. आमच्या उचगावच्या घराला रस्त्याकडेनं पत्र्याचं शेड होतं, तिथं त्याला गॅरेज काढायचं होतं. दुसरं काही त्याच्या डोक्यातच नव्हतं. पण आबांचा, आमच्या वडिलांचा, भरवसा बसेना. ते म्हणाले, "आधी आपली गाडी करून दाखीव. नीट चालली की शेड तुझं."

गाडी म्हणजे आमची जुनी डिझेल. धूर इतका काढायची की शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे उचलून आत न्यायच्या. विजूनं इंजिन अंगणातच उतरवलं आणि सगळं खोललं. घराच्या पुढच्या सोप्यात पोती अंथरून एकेक पार्ट ओळीनं मांडला. आई पाय उचलून उचलून चालायची आणि बडबडायची, पण आतनं खूश होती. मी? मी नुकताच ऑफिसात चिकटलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा. घरातला शहाणा.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर माझं पाप कळायचं नाही. पिस्टनच्या रॉडला खालच्या टोकाला एक अर्धगोल कॅप असते. ज्या रॉडची कॅप त्याच रॉडला बसवायची. दिसायला सगळ्या सारख्याच, पण अदलाबदल झाली की इंजिन आज ना उद्या मरतं. आमच्या इंजिनवर मूळचे नंबर नव्हते. म्हणून विजूनं जोड्या लावून प्रत्येकीवर खडूनं आकडे घातले होते. पंच आणून कायमचे नंबर मारायचे होते त्याला, पण मधेच खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं, यंत्रं, गाडी, सगळं धुऊन पूजेला लावतात. विजू झेंडूची फुलं आणायला गेला होता. जाताना सांगून गेला होता — "दादा, पार्टांना हात लावू नको हां." आणि मी लावला. काळ्याकुट्ट लोखंडावर हळदकुंकू काय वाहायचं, असं मला वाटलं. कॅपा आणि रॉड एका घमेल्यात टाकले, रॉकेल ओतलं आणि ब्रशनं घासले. मस्त चकचकीत झाले. मग लक्षात आलं, एकावरही आकडा राहिला नव्हता.

तेव्हा सांगायला काय झालं होतं? विजू फार तर दोन शिव्या घालून लेथवाल्याकडं गेला असता, त्यानं जोड्या जुळवून दिल्या असत्या. विषय संपला असता. पण धाकट्यानं थोरल्याला आईदेखत खुळा म्हणायचं — तेवढं मला सोसवेना. मी कोनाड्यातला खडू घेतला आणि अंदाजानं आकडे घातले. अगदी त्याच्यासारखे. त्याचा इंग्रजी चारचा आकडा वरनं उघडा असायचा, तोही तसाच काढला. विजू आल्यावर एवढंच सांगितलं, आकडे सांभाळून पुसलेत.

बसवताना विजूला शंका आली होती. क्रँक फिरवून बघितला, थांबला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "जरा जड फिरतंय. दादा, पूजेच्या वक्ताला काय हाललं न्हाय न्हवं?"

मी म्हणालो, "तुझंच अक्षर हाय की. नवीन बेअरिंग हायत, होईल मोकळं."

त्यानं विश्वास ठेवला. का ठेवू नये? थोरला भाऊ होतो.

गाडी सुरू झाली. धूर नाही, काही नाही. आबा गल्लीत सगळ्यांना बॉनेट उघडून दाखवायचे. मग आत्याकडं मुरगूडला निघालो, आबा स्वतः चालवत होते. कागलच्या पुढं खालनं ठोके ऐकू यायला लागले आणि थोड्या वेळानं मोठा आवाज झाला. रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला होता. रस्त्यावर ऑइलच ऑइल. विजू त्या ऑइलात गुडघे टेकून वाकून बघत होता. "नंबर टाकताना माझीच गफलत झाली आसंल," एवढंच म्हणाला.

आबा शांतपणे म्हणाले, "तुझ्या हाताला यश न्हाय, इजू." मी मागच्या सीटवर होतो. मी खिडकीतनं ऊस बघत बसलो.

अजून एक आहे, तेही सांगतो. शेड आबांनी फरशीवाल्याला भाड्यानं दिलं, तेव्हा मला वाईट वाटलं — आणि थोडं बरंही वाटलं. घरात शहाणा एकच राहिला. कुठल्या मातीचा माणूस मी?

विजू आता फौंड्रीत शिफ्ट करतो. मोटारसायकलचा प्लगसुद्धा दुसऱ्याकडनं काढून घेतो. त्याचा पोरगा सायकलची चेन बसवायला घेऊन आला, तर त्यालाही म्हणाला, "माझ्याकडं नको, बिघडंल." आबा जाईपर्यंत त्यांचं मत बदललं नाही. कशानं बदलणार होतं?

यंदा खंडेनवमीला तो माझ्या घरी आला. हातात पान्यांची जुनी पेटी, कुलूप गंजलेलं. माझ्यापुढं ठेवली आणि हसून म्हणाला, "दादा, हे आता तूच ठेव आणि पूजेला लाव. तुझ्या हाताला यश हाय."

मी पेटी घेतली. एकेक पाना पुसला, पाटावर मांडला आणि हळदकुंकू वाहिलं. तो शेजारी हात जोडून उभा होता.