पितळेची पिन

मोटर घरी आली तेव्हा तिला खाट मिळाली. माझ्या सासूला मरेपर्यंत नीट विणलेली खाट मिळाली नव्हती. मोटरीला मिळाली, आणि वरून पांघरायला गोधडीही.

डोंग्याच्या मागे लावायची जुनी मोटर होती ती. खाली धरणाच्या पाण्यावर नवऱ्याचा मावसभाऊ मासोळ्या धरतो. त्याने नवी घेतली आणि ही आमच्या गळ्यात बांधली. रंग उडालेला, झाकण तारेने आवळलेलं, ओढायच्या दोरीला गाठीच गाठी. पण ती खांद्यावर नाही तर डोक्यावर ठेवून आणावी, असा नवऱ्याचा तोरा. खांदा नव्हताच म्हणा त्याला. तो निकामी झाला, म्हणून तर हे सगळं.

आमच्यात पुरुष पाण्यावर जातात आणि बायका बाजारात बसतात. नवऱ्याचा उजवा खांदा वर उचलेना, दुसरा गडी मिळेना, तेव्हा वल्हं माझ्या हातात आलं. टोपलं घेऊन माझी मोठी जाऊ भंडाऱ्याच्या बाजारात बसू लागली. मला ते फार बरं पडलं. मला चार माणसांत बोलता येत नाही. लग्नानंतर मी बाजारात बसून पाहिलं होतं. गिऱ्हाइकं स्वतःच भाव करायची, स्वतःच मासोळी उचलायची, आणि मी टोपल्यात बघत राहायची. पाण्याला भाव सांगावा लागत नाही. पहाटे डोंगा सोडला की कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही.

पण गावाला ते बघवलं नाही. "काय गा, बायको फिरवते म्हणते तुले पाण्यावर?" असं पानठेल्यावर कोणी ना कोणी म्हणायचं. नवऱ्याला खांद्यापेक्षा ते जास्त दुखायचं. म्हणून मोटर.

मोटर आली त्याच दिवशी जाऊ म्हणाली, "आता हे सुरू झाली का तू बसजो बाई टोपल्यापाशी. माये गुडघे गेले." खोटं नव्हतं ते. तिचे गुडघे खरंच गेले आहेत. पण म्हणजे मी परत बाजारात. घरातले सगळे मोटर सुरू व्हायची वाट बघत होते. मी एकटी वाट बघत नव्हते.

दुरुस्तीला माझा दीर बसला. तो शेतातले पाण्याचे पंप दुरुस्त करतो, आणि जगात पंपापलीकडे यंत्र नाही असं त्याला वाटतं. मदतीला शेजारचा ट्रॅक्टरवाला. त्याची मदत म्हणजे पान खाऊन मान हलवणं. नवरा धरून तिघांनी एका दुपारी मोटर खोलली आणि लावायला आठवडा घालवला. सुटे भाग धुवायला माझी पिठाची परात घेतली. भाकरीला पेट्रोलचा वास येतो अशी नवऱ्याचीच तक्रार असते. मी त्याला त्याच परातीतली भाकर वाढते.

मग धानाचं बी भिजवायचा ड्रम अंगणात आणला. पाणी मीच भरलं. मोटरीचा पाय त्यात बुडवून ती खांबाला बांधली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दिराने दोरी ओढली. बरेच झटके खाल्ल्यावर ती सुरू झाली. धुराने अंगण भरलं, कोंबड्या कौलांवर गेल्या, ट्रॅक्टरवाला म्हणाला, "फस्ट क्लास!"

पण खालचा पंखा फिरेना. वर एवढी बोंब आणि खाली काहीच हलत नाही. मला नवल वाटलं नाही. ते तिघे समोरच उभे होते.

पंखा काढला तेव्हा कळलं. पंख्याच्या दांड्यात एक बारीक पितळेची पिन असते, ती तुटली होती. मावसभावाने तशाच पिना चिंधीत गुंडाळून मोटरीच्या मुठीला बांधून दिल्या होत्या. सांगितलंही होतं, पिन तुटली तर तुटू द्या, हीच टाका, दुसरं काही टाकू नका.

"पितळेची पिन!" दीर म्हणाला. "भांड्यांच्या भंडाऱ्याच्या माणसाले पितळ शिकवून राहिला का तो? पितळ पाण्याच्या गुंडाले चांगली, मोटरीले नाही."

"त्यानं सांगतलं तं होतं," नवरा म्हणाला.

"त्याले मोटर समजली असती तं तुले दिली असती काहून?" ट्रॅक्टरवाला म्हणाला, आणि तिघे हसले.

मी दारात तांदूळ निवडत होते. म्हटलं, "सांगतलं हाय तं तेच टाका ना."

"वहिनी, चहा ठेवा," दीर म्हणाला.

मी चहा ठेवला. तोवर दिराने पंपाच्या जुन्या दांड्यातून पोलादाचा तुकडा कापून, घासून पिन केली आणि ठोकून बसवली. "आता बापजन्मात तुटत नाही," म्हणाला. ते मात्र खरं निघालं.

पहिल्या फेरीला सगळी टोळी घाटावर. जाळं टाकायला हात हवा म्हणून मला घेतलं. नवरा म्हणाला, "वल्हं कायले? ठेव घरी." जाळ्याची घडी मीच घालते. तिच्याखाली काय ठेवलं ते बघायला कोणी वाकत नाही.

डोंगा पळाला, हे मान्य करते. पाणी दोन्हीकडे फाटत होतं. नवऱ्याचं तोंड नवरदेवासारखं झालं होतं. मी हात मांडीवर ठेवून बसले. त्या हातांचं काय करावं ते मला कळेना.

पुढे धरणात बुडालेली शेतं आहेत. मोहाची खोडं अजून पाण्याखाली उभी आहेत. नवऱ्याला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण हातात मूठ आली आणि माणूस सगळं विसरला. खाडकन आवाज झाला, मग जात्यात खडे भरडावे तशी करकर. मोटर ओरडत राहिली आणि डोंगा थांबला.

दिराने पंखा वर काढून पाहिला. "पिन तं जशीच्या तशी हाय!" तो खुशीत म्हणाला. आतले गिअर दळले गेले होते. मोडायला पाहिजे ती मोडली नाही, म्हणून बाकीचं मोडलं. त्याला ते अजून पटलेलं नाही.

दोरी ओढून ओढून तिघे दमले. मी जाळं बाजूला केलं आणि वल्हं काढलं. कुठून आलं, कोणी विचारलं नाही.

थोडं पुढे आल्यावर नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "पुलाखाली लाव. घाटावर लोकं हायेत."

"हो वहिनी, तिकडूनच घ्या," दीर म्हणाला. ट्रॅक्टरवाल्याने नुसती मान हलवली.

लोकांना घाबरते ती मी, ते तिघे नाही. तरी डोंगा मी सरळ घाटावर नेला. घाईही केली नाही. माझं तोंड तापलं होतं, म्हणून वल्ह्याच्या टोकाकडे बघत राहिले.

"काय गा, मोटरचा आवाज नाही येऊन राहिला?" काठावरून एकाने विचारलं.

"मोटर सामने बसली हाय ना," दुसरा म्हणाला. "ते आवाज करत नाही."

मोटर परत खाटेवर आहे. गिअर नागपूरहून येणार आहे, असं दीर चहा आला की सांगतो. जावेचे गुडघे मात्र थांबायला तयार नव्हते. एक दिवस तिने टोपलं माझ्या नवऱ्यासमोर आदळलं. "वल्हं चालत नाही, मोटर चालत नाही. तोंड तं चालते ना भाऊजी? बसा टोपल्यापाशी."

आमच्यात पुरुष टोपल्यापाशी बसत नाहीत. तो आठ दिवस फुगून बसला, मग गेला. आता आम्ही दोघं जाळं काढून आलो की तो एसटीने भंडाऱ्याला जातो. एवढा ओरडतो की, जाऊ एकदा बघून आली ती सांगते, बाजूला बसणाऱ्या बायका कानात बोटं घालतात. लोक हसतात. हसू द्या. त्याने खांदा दुखत नाही.