एकही खिळा नसलेला बंगला

आमच्या भिंतीपलीकडच्या भाऊजींइतका घरवेडा माणूस अख्ख्या नाशकात झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी माझी त्र्यंबकराजाला प्रार्थना आहे. हे आमच्या ह्यांचे बालमित्र. गंगापूर रोडला आजूबाजूला नुसते मळे होते तेव्हा दोघांच्या वडिलांनी एकाच नकाशावर दोन जुळे बंगले बांधले. सपाट स्लॅब, लांबलचक छज्जा, गोलाई दिलेले कोपरे, पोर्चला सिमेंटची नक्षीदार जाळी आणि पायाखाली ठिपक्याठिपक्यांची मोझॅकची फरशी. भाऊजींनी त्यातलं काही म्हणजे काही बदललं नाही. विजेचे काळे गोल खटके तेच, सागवानी खुर्च्यांचे तिरके पाय तेच. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडर दाराच्या मुठीला टांगलेलं, म्हणजे तिथी बघायची तर आधी दार लावा! मुलीच्या लग्नातलं तोरण दोन भाचे दोन बाजूंनी हातात धरून उभे होते. एका संक्रांतीला त्यांच्याकडच्या हळदीकुंकवात माझ्या हातून चिमूटभर कुंकू सांडलं, तर हा गृहस्थ ओलं फडकं घेऊन भर बायकांत घुसला. "वहिनी, सौभाग्य कपाळावर ठेवा, फरशीवर कशाला?" मी तिळगूळ न घेता उठून आले.

आता मी कोण मोठी शहाणी लागून गेले होते, तेही सांगते. वय चाळीस, अक्कल चौथीतली. मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये चकचकीत पांढऱ्या टाइल्स बघून आले आणि आमचं घर मला एकदम सरकारी दवाखाना वाटायला लागलं. मोझॅक झाकली, खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या, छताला पीओपीचे द्राक्षांचे घोस लटकवले. आणि धूळ साठते म्हणून जाळी! तिच्यावर पहिला हातोडा, पदर खोचून, बाईसाहेबांनी स्वतः घातला. वर गल्लीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी पांढराशुभ्र सदरा घालून आले. चहा नको म्हणाले. खाली मान घालून विचारलं, "कधी झालं?"

"काल दुपारी."

"फार हाल नाही ना झाले?"

एवढं विचारून उठून गेले. 'येतो' म्हणाले नाहीत. मयताच्या घरून निघताना म्हणत नाहीत, तसे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर मी त्यांच्याकडे वाटीभर साखरसुद्धा मागितली नाही.

आणि आता बघा! आर्किटेक्चरची पोरं येतात, भाऊजींच्या जाळीवरून हात फिरवतात, "काय जपलंय हो!" म्हणतात. परवा एक मुलगी मला म्हणते, "आजी, तुमचं घर फोटोत येतंय. मी जरा बाजूला सरकून काढते." अगं, हे त्याचंच जुळं भावंड, म्हटलं. ती हसली. तिला वाटलं, म्हातारी विनोदी आहे.

गेल्या महिन्यात गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्यांच्या मुलीनं भाऊजींना ठाण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी किल्ली घेऊन माझ्या दारात उभे. "जावई बिल्डरला घर दाखवायला आणतील. किल्ली तुमच्याकडे असली की आधी तुम्हाला भेटावं लागेल."

"आणि मी काय करायचं?"

"रागवायचं. त्यात तुमचा हात कोण धरणार?"

एवढं बोलून गाडीत बसले. 'येतो' न म्हणता! माझं डोकंच फिरलं. काचेवर थापा मारून ओरडले, "अहो, असे काय निघालात? इथे कोणी गेलंय का?"

त्यांनी काच खाली केली. माझ्या खांद्यावरून पलीकडच्या जाळीकडे बराच वेळ बघितलं.

"येतो, वहिनी."

आता रोज सकाळी भाऊजींच्या घरातली ती फरशी मी पुसते. साध्या पाण्यानं, फिनेल चालत नाही. काल तिथेच असताना जावईबापूंचा फोन आला, पार्टीला घेऊन कधी येऊ?

म्हटलं, "मालक 'येतो' म्हणून गेलेत. ते आले की बघू."

आणि ठेवला फोन. अर्धी खोली पुसायची राहिली होती.